आईला बोटीवर सांगायचं ठरलं

गुरुवार, १४ मार्च
सकाळी सव्वाआठ, बोटीचं वाचनालय

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (बोट हलत असल्यामुळे तो आपोआपच पडतो.)

कळवायला आनंद होतो की तुझी योजना अगदी ठरल्याप्रमाणे चालली आहे. म्हणजे आई मजेत आहे आणि मी तिला अजून काहीही सांगितलेलं नाही.

तुझं म्हणणं काय होतं? घरी विषय काढला तर ती उठून स्वयंपाकघरात जाते, हॉटेलात काढला तर उठून घरी जाते. क्रूझवर न्या, चहूबाजूंनी पाणी असेल तर जाणार कुठे? डोकं मोठं आहे तुझं, मान्य. फक्त एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. चहूबाजूंनी पाणी मलाही आहे.

आज तिसरा दिवस. आज बोट कुठेच थांबत नाही, दिवसभर नुसता समुद्र. उद्या सकाळी परत आपलं बंदर. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच. शनिवारपर्यंत त्या वृद्धाश्रमाच्या बाईंना ‘हो’ कळवायचं आहे, नाहीतर खोली दुसऱ्या कुणाला जाईल, हे तू मला आजवर अकरा वेळा बजावलं आहेस. बाराव्यांदा नको. आणि ‘तुला आईची काळजीच नाही’ हेही नको. डिसेंबरात ती बाथरूममध्ये पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली, तेव्हा दार मी तोडलं होतं. अजून माझा खांदा दुखतो.

काल संध्याकाळी मी सुरुवात केली होती बरं का. म्हटलं, “आई, तुला एक सांगायचं होतं.” तर म्हणाली, “होतं? म्हणजे आता नाही का सांगायचं? काळ नीट वापर.” पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईला काही सांगायचं म्हणजे आधी व्याकरण पास व्हावं लागतं. मी चष्मे विकतो ताई, धैर्य विकत नाही. आमच्या दुकानात ते ठेवतच नाहीत.

त्यात आता तिला इथे काम लागलं आहे. रोज सकाळी दाराखालून एक पत्रक येतं, आज बोटीवर काय काय आहे त्याचं. पहिल्याच दिवशी त्यात छापलं होतं, ‘सर्व प्रवाशांनी जीवभक्षक जाकीट घालून डेकवर जमावे.’ खाली ‘ज्येष्ठांसाठी हलकट व्यायाम, सकाळी सात.’ आईने पर्समधून लाल पेन काढलं. (हो, ती ते समुद्रावरही घेऊन आली आहे. औषधं विसरली, पेन नाही.) दुरुस्त केलेलं पत्रक तिने स्वागतकक्षात नेऊन दिलं. मला वाटलं, आता आपल्याला होडीत बसवून परत पाठवणार. उलट कार्यक्रम अधिकारी टाय सावरत स्वतः आले, आणि तेव्हापासून उद्याचं पत्रक आज आईकडे तपासायला येतं. तिला टेबल दिलंय. चहाही देतात. मी जवळ गेलो की म्हणते, “आत्ता नको, मजकूर आलाय.”

तेव्हा तूच आता लिहून पाठव, कसं सांगायचं ते. शब्दन् शब्द. मी पाठ करतो. इथे फोन लागत नाही, आणि लागला असता तरी आपण फोनवर भांडण्यापलीकडे काय करतो? बोटीच्या ईमेलवर पाठव. ही माणसं पत्र छापून, पाकिटात घालून दाराखालून सरकवतात. वर केबिन नंबर ४१२ घाल, बरोबर पोचतं.

तुझा
धाकटा


१४ मार्च
सकाळी दहा, दवाखाना

चि. धाकटेराव,

खुर्चीत एक पेशंट भूल चढायची वाट बघतोय, तेवढ्यात लिहितेय. चुका झाल्या तर पोटात घाल.

तुझं पत्र वाचून धन्य झाले. तीन दिवस, आठ जेवणं, एवढा मोठा समुद्र, आणी तुझ्या तोंडून एक वाक्य निघत नाही. बाबांवर गेलास. तेही तिच्यासमोर काही बोलायचं झालं की चष्मा पुसत बसायचे. तू तर दुकानच काढलंस.

मी दिवसाला सहा दाढा काढते. आधी चर्चा करत बसले तर एकही निघणार नाही. भूल द्यायची, गोड बोलायचं, आणी ओढायचं. आईचंही तसंच करायचं. तेव्हा माझी सुचना नीट वाच. पोटभर जेवली की सांग, उपाशी असताना नको. आधी डिसेंबरातल्या पडण्याची आठवण करून दे, मग सांग. वृद्धाश्रम हा शब्द जिभेवर येऊ देऊ नकोस, ‘नविन जागा’ म्हण. बाग आहे म्हणून सांग, डॉक्टर रोज येतात म्हणून सांग, कपाटभर पुस्तकं आहेत म्हणून सांग. ती गप्प बसली तर घाबरू नकोस. परंतू सगळं ठरलंय, हे मात्र स्पष्ट सांग. घळाघळा रडू नकोस, ते तुझ्या लग्नात झालंय एकदा.

सांगून झालं की लगेच कळव. शनिवार जवळ आलाय आणी मला इथून सगळीकडे बघावं लागतंय.

तुझी
ताई


१४ मार्च
दुपारी साडेबारा, वाचनालय

ताई,

तुझं पत्र मिळालं. आईला.

मी डेकवर उभा राहून आरशात बघितल्यासारखा समुद्राकडे बघत स्वतःचीच वाक्यं जुळवत होतो, आणि पाकीट आलं केबिनमध्ये. वर नाव नाही, नुसता ४१२. चूक माझी, कबूल. पण ४१२ मध्ये दोन माणसं राहतात हे तुझ्या तरी लक्षात यायला हवं होतं. दाढा मोजतेस ना?

मी परत आलो तर आई टेबलाशी बसलेली. समोर तुझं पत्र, हातात लाल पेन. तिने पेनाला टोपण लावलं, पत्र घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “ताईचा वेग वाढलाय. पण वेलांट्या अजून पाचवीतल्याच आहेत.” बस्स. मग शाल घेतली आणि पत्रक तपासायला निघून गेली.

चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, दुःख नाही. मी चष्मेवाला आहे, दिवसभर माणसांचे डोळेच बघतो, पण आईच्या डोळ्यांतलं मला आजवर एक अक्षर लागलेलं नाही.

पत्र समोर घेऊन बसलोय. ‘आणी’ तीन वेळा, तिन्हींची वेलांटी पहिली केली आहे. ‘सुचना’चा उकार दुसरा, ‘नविन’ची वेलांटी दुसरी, ‘परंतू’चा उकार पहिला. एकूण सहा. इथवर ठीक. पण त्याशिवाय ‘सांग’ या शब्दाभोवती तिने गोल केला आहे. सात ठिकाणी. शब्द बरोबर आहे, अनुस्वार जागच्या जागी आहे, समासात काही लिहिलेलं नाही. नुसता गोल. मी उजेडाकडे धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. काही समजेना.

आता एकच प्रश्न आहे. तिने पत्र वाचलं की तपासलं? लवकर लिही. चार वाजता पुन्हा ती जाकिटं घालून उभं राहायची कवायत आहे. माझं जेवणावरून मन उडालंय, आणि इथे बारा प्रकारचं जेवण मांडलंय.

धाकटा

ता. क. ‘मला इथून सगळीकडे बघावं लागतंय’ हे वाक्य वाचून गहिवरलो. दोन वर्षांत तू घरी येऊन एकदाही बघितलेलं नाहीस. आईने त्या वाक्यात चूक काढलेली नाही, म्हणून मी काढतो.


१४ मार्च
दुपारी दीड, दवाखाना

धाकट्या,

हे पत्र शब्दकोश शेजारी उघडून लिहिते आहे आणि वर तुझं नाव ठळक अक्षरांत घातलं आहे. स्वागतकक्षातून हातात घे. मधे कुणाला देऊ नकोस, कार्यक्रम अधिकाऱ्यांना तर मुळीच नको.

आधी हातपाय गाळू नकोस. तिने तपासलं आहे, वाचलेलं नाही. आई तपासत असली की तिला अर्थ लागत नाही, हे आपल्या घरात कुणाला माहीत नाही? एक रहस्यकथा तिने तीन वेळा तपासली आणि बाबांना विचारलं, खून कुणी केला हो? शेजारच्या काकांच्या निधनाची बातमी आठवते? तिच्याच हाताखालून गेली. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी काकूंना म्हणाली, “काका दिसले नाहीत हल्ली?” आपण दोघं खिडकीत उभे होतो, लाजेने मेलो होतो.

तेव्हा तिला कळलं आहे ते एवढंच की तिच्या मुलीला ‘आणि’ लिहिता येत नाही. ते तिला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

आता गोलांचं. विचार करायचास की रे जरा. पुनरुक्ती! एकच शब्द सात वेळा आला तर आई गोल करणार नाही तर काय करेल? सहावीत माझ्या निबंधात ‘छान’ हा शब्द नऊ वेळा आला होता, तेव्हा वही लाल झाली होती. म्हणजे तिला ‘सांग’ हा शब्द खटकला आहे. सोपं आहे. तू ‘सांगायचं आहे’ असं म्हणूच नकोस. कानावर घाल. बोल. कळव. समजाव. मराठीत शब्दांना तोटा आहे का?

चार वाजता ती जाकिटं घालून उभं राहायची कवायत आहे म्हणालास ना? उत्तम. सगळे रांगेत उभे असतात, कुणालाच हलता येत नाही. तेव्हा उरक.

आणि तुझा ता. क. वाचला. माझा दवाखाना आहे, दुकान नव्हे, शटर ओढून निघायला. दोन वर्षं कशी गेली ते माझं मला माहीत.

ताई


१४ मार्च
पाच वाजायला दहा मिनिटं, वाचनालय

ताई,

कवायत झाली. आईने माझ्या जाकिटाचे पट्टे बांधले, मग स्वतःचे. सगळीकडे नारिंगी फुगलेली माणसं. मी म्हटलं, “आई, तुझ्या कानावर एक गोष्ट घालायची आहे.”

“घाल.”

“तुला नवीन जागा कशी वाटेल?”

“कशाला?”

“म्हणजे बाग वगैरे असलेली.”

“बागेत काय करू? गवताला वेलांट्या देऊ?”

तेवढ्यात भोंगा वाजला. पुढचं वाक्य तू दिलेलं होतं, सगळं ठरलंय, ते. माझ्या ओठांवर होतं. देवाशप्पथ होतं. आणि ती माझ्या कॉलरचं टोक जाकिटाखाली अडकलं होतं ते काढत होती. मी काय बोलणार?

मी म्हटलं, “काही नाही.” ती म्हणाली, “बरं.”

हसशील तू. पण एकदाच खरं लिहितो, मग पुन्हा टोमणे मारू. मला आईच्या रागाची भीती वाटत नाही. चिडली, ओरडली, चार दिवस बोलली नाही तर चालेल. मला भीती वाटते ती नुसतं ‘बरं’ म्हणेल आणि बॅग भरायला घेईल याची. दार तोडलं त्या दिवशीसुद्धा ती फरशीवरून वर बघून म्हणाली होती, “बरं झालं आलास.” एवढंच. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं. आम्ही चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत चौघं राहतो, लिफ्ट नाही, तिचे गुडघे तिथे चढत नाहीत. नाहीतर मी त्या वृद्धाश्रमाच्या बाईंना फोनच केला नसता.

तू सुचवलेलं ‘कानावर घाल’ वापरून पाहिलं. चाललं नाही. आता काय ते तूच

थांब. ती इथे आली आहे. म्हणते, “ऊठ. पाच ते सहा ही जागा मी मागून घेतली आहे.” मी विचारलं, कशाला? म्हणते, “ताईला पत्र लिहायचंय.”

ताई, मी उठतोय.


१४ मार्च
सायंकाळी पावणेसहा

चि. ताई आणि चि. धाकटा,
अनेक आशीर्वाद.

(धाकटा मागच्या खुर्चीवर पाठ करून बसला आहे, पण कान इकडेच आहेत. त्याला छापील प्रत देईन. उठताना तो ताईचं दुपारचं पत्र टेबलावरच विसरला, तेही मी वाचलं.)

ताई, मी तुझं सकाळचं पत्र आधी तपासलं, मग वाचलं. पस्तीस वर्षं हाच क्रम होता. पहिल्या खेपेला अक्षरं, दुसऱ्या खेपेला मजकूर. पहिली खेप घरी जेवणाच्या टेबलावर व्हायची, ती तुम्ही पाहिलीत. दुसरी छापखान्यात व्हायची, ती तुम्हाला माहीत नाही. त्या रहस्यकथेतला खुनी मला पहिल्या प्रकरणातच कळला होता. तुमच्या बाबांना ओळखता येतो का ते मी बघत होते. आला नाही.

काकांचंही मला कळलं होतं. बातमी हातात आली तेव्हा मी ती दोनदा वाचली, नाव तेच आहे ना म्हणून. दुसऱ्या दिवशी काकूंना पाहिल्यावर काय बोलावं ते सुचलं नाही, तोंडातून भलतंच गेलं. काकू रडल्या, मला घट्ट धरून रडल्या. तोवर तुम्ही खिडकीतून आत गेला होतात.

आता गोल. गोल म्हणजे पुनरुक्ती नव्हे. पुनरुक्तीला मी खाली रेघ मारते, ताईला हे माहीत असायला हवं, तिच्या वह्यांत कमी रेघा नव्हत्या. गोल म्हणजे शंका. तपासणाऱ्याने आपल्या मनाने शब्द बदलायचा नसतो. मजकूर आपला नसतो. खटकलं तर गोल करायचा आणि ज्याचा मजकूर त्याला विचारायचं, तुम्हाला हाच शब्द म्हणायचा होता ना? मला सातही ठिकाणी असं वाटलं की ‘विचार’ म्हणायचं असेल आणि घाईत ‘सांग’ पडलं असेल. म्हणून गोल करून धाकट्याच्या हातात दिला. तो कवायतीच्या वेळी पुन्हा आला, आधी ‘कानावर घालायची’ म्हणाला आणि मग ‘काही नाही’ म्हणाला. तेव्हा कळलं, चूक छपाईची नाही.

आईला कसं सांगायचं यासाठी तुम्ही एवढी मोठी बोट केलीत. विचारायला स्वयंपाकघरातलं स्टूल पुरलं असतं.

मला राग आला आहे. सकाळपासून आहे. माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही, ती माझी खोड आहे, पण म्हणून तो नाही असं समजू नका. दुःखही झालं. मी एवढी भयंकर बाई आहे का, की पोटच्या मुलांनी भूल देऊन ओढावं?

पण मीही काही साव नाही. डिसेंबरनंतर जानेवारीत मी पुन्हा घसरले. पडता पडता नळ धरला, तो हातात आला. धाकट्याला म्हटलं, नळ गंजला होता. त्याने बिचाऱ्याने नवा बसवून दिला. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोघं त्याच आठवड्यात माझी बॅग भरली असतीत, म्हणून गप्प बसले. तेव्हापासून मला आंघोळीला जायची भीती वाटते. दार आतून लावतच नाही. कधी कधी दोन-दोन दिवस आंघोळ करत नाही आणि तुम्हाला फोनवर सांगते की झाली.

या बोटीच्या बाथरूममध्ये भिंतीला एक दांडी आहे. धरायला. साधी, स्टीलची. पहिल्या दिवशी मी ती धरली आणि उभ्या उभ्या रडले. धाकटा बाहेर विचारत होता, आई, पाणी गरम आहे ना? मी म्हटलं, आहे. तीन दिवस न भिता आंघोळ करतेय. हा कार्यक्रम पत्रकात छापलेला नव्हता, पण माझ्यापुरता तोच सगळ्यात चांगला होता.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी उत्तर लिहिते. मला माझ्या घरात राहायचं आहे. बाग नको, कपाटभर पुस्तकं नकोत, माझ्या घरात आहेत तेवढी तपासून व्हायची आहेत. बाथरूमच्या भिंतीला धरायला एक दांडी हवी आहे. पुढे कधी हातपाय थकले आणि घरी राहणं जमेनासं झालं, तर त्या जागेचंही बघू. पण तेव्हा तुम्ही विचारायचं आणि मी सांगायचं.

ताई, दवाखाना चालवणं सोपं नाही, मला कळतं. पण दोन वर्षं तू घरी यायला दांडी मारली आहेस. आता येताना दांडी घेऊनच ये.

आई


शुक्रवार, १५ मार्च
सकाळी पावणेदहा

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल पेशंट खुर्चीत असताना वाचलं. तिथेच रडले. पेशंटला वाटलं त्याच्या दाढेचं काही खरं नाही, तोही रडायला लागला. शेवटी दोघंही पाणी प्यायलो आणि त्याला सोमवारी यायला सांगितलं. मग सोमवारचंही रद्द केलं. दवाखाना आठवडाभर बंद.

वृद्धाश्रमाच्या बाईंना सकाळीच ‘नाही’ कळवलं. धाकट्याला म्हणावं, शनिवारची भीती संपली, आता तरी जेव.

आई, तुला ओढायचं वगैरे जे लिहिलं ते मला आता वाचवत नाही. घाबरले होते. डिसेंबरात धाकट्याने दार तोडलं तेव्हा मी इथे कुणाचे तरी दात स्वच्छ करत होते. त्यानंतर मला रोज फोन वाजला की वाटायचं, आता तोच फोन. मला तुझी काळजी करायची नव्हती, काळजी संपवायची होती. तुझा राग रास्त आहे. समोर आले की पुन्हा रागाव, आणि या वेळी चेहऱ्यावर दाखव.

ही चिठ्ठी हार्डवेअरच्या दुकानातून मोबाइलवर लिहितेय. तुमची बोट अकराला लागते, त्याआधी मिळेल. माझी गाडी साडेबाराची आहे, रात्रीच्या जेवणाला पोचते. दांडी घेतली आहे, स्टीलची, दोन फुटांची. दुकानदार म्हणतो, कमरेच्या उंचीवर लावतात सगळे, मीच खूण करून देतो. मी म्हटलं, थांबा.

आई, तुला किती उंचीवर हवी?

तुझी
ताई